तळाला रंग देण्याआधी दिवस मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्रेलरवरून नेता येणाऱ्या छोट्या बोटींच्या निगेवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख कामाचा आहे, इंजिनाचा भाग तर मी कापून फाइलला लावला. पण बोटीच्या तळाच्या रंगाला त्यात जेमतेम चार ओळी मिळाल्या आहेत. चांगल्यातला अँटिफाउलिंग रंग (तळावर शेवाळ आणि कवचाचे जीव धरू न देणारा) आणा, दोन हात द्या आणि हंगामभर निर्धास्त राहा, असा त्यांचा एकूण अर्थ. याच सल्ल्यावर चालून आमचे दोन हंगाम वाया गेले आणि एका इंजिनाच्या पायाची चाळण झाली, म्हणून हे पत्र. थोडं लांबणार आहे. जागा नसेल तर कात्री लावा, पण रंग ढवळण्याचा भाग तेवढा कापू नका.

मी पस्तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी होते. निवृत्त झाल्यावर भाच्याने आणि मी मिळून एक जुनी बोट घेतली. साडेपाच मीटर लांब, फायबरग्लासची, मागे बाहेरून टांगलेलं आउटबोर्ड इंजिन. बोटीचा मुक्काम ट्रेलरवर, ताडपत्रीखाली. भाच्याला वेग लागतो, मला गळ टाकून गप्प बसायला आवडतं. तळाच्या कामात मात्र दोघंही सारखेच अडाणी होतो.

डब्यावर ‘रंग’ लिहिलेलं असलं तरी आत असतं ते औषध. खरं तर विषच. बहुतेक डब्यांतलं मुख्य द्रव्य म्हणजे क्युप्रस ऑक्साइड, तांब्याची विटकरी भुकटी. वरून रंग निळा दिसो की काळा, आत ही भुकटी असते. ती तळावर नुसती बसून काही करत नाही. बोट पाण्यात गेली की तांबं कणाकणाने विरघळतं, तळाला लागून असलेला पाण्याचा पातळ थर विषारी होतो आणि तिथे बूड टेकायला आलेली पिलावळ मरते किंवा दुसरी जागा धरते. विरघळणं थांबलं की मागे रंग राहतो, औषध गेलेलं असतं. आतली पूड सांडलेल्या कॅप्सूलसारखं.

हे हम्फ्री डेव्हीसारख्या शास्त्रज्ञाला चांगलंच महागात पडून कळलं. त्या काळी इंग्लंडच्या आरमारातल्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. समुद्राच्या पाण्यात पत्रे झिजायचे, म्हणून आरमाराने डेव्हीला विचारलं. १८२४ साली त्याने तोड काढली. पत्र्यांना लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडायचे, म्हणजे ते तुकडे झिजतात आणि तांबं वाचतं. तोड अचूक होती. तांबं झिजायचं थांबलं आणि जहाजांच्या तळांवर शेवाळाची आणि बार्नेकल या चिकटून बसणाऱ्या कवचवाल्या जिवांची जत्रा भरली. ज्या झिजण्याला सगळे रोग समजत होते, तेच तर त्या पत्र्यांचं औषध होतं. शेवटी ते तुकडे काढून टाकावे लागले.

आता ट्रेलरवरच्या बोटीचा विचार करा. पाण्यात असेल तेव्हाच काम करणारं औषध आपण कोरड्या अंगणात उभ्या असलेल्या बोटीला फासतो. माझी लेखावरची मुख्य तक्रार हीच आहे. कुठला रंग, किती हात, हे सगळं नंतर. आधी कॅलेंडर घ्या आणि बोट सलग किती दिवस पाण्यात असते ते मोजा.

आम्ही पहिल्या वर्षाचं मोजलं. तेही हंगाम संपल्यावर, दुकानदाराची वही मांडायची सवय म्हणून. बोट एकतीस वेळा पाण्यात उतरली होती. त्यातल्या अठ्ठावीस वेळा ती त्याच संध्याकाळी ट्रेलरवर परत आली. दोनदा एक रात्र बाहेर राहिली. आणि एकदाच, भाच्याच्या मोठ्या सुट्टीत, सलग चार आठवडे बोयाला बांधलेली होती. म्हणजे वर्षभरात रंगाला खरं काम पडलं ते त्या चार आठवड्यांत. उरलेला सगळा काळ तो अंगावर मिरवायला.

संध्याकाळी बाहेर येणाऱ्या बोटीला बार्नेकल लागत नाही. पाण्यात गेल्यापासून काही तासांत जिवाणूंची बुळबुळीत साय धरायला लागते, ती हाताने पुसली जाते. मग शेवाळ, मग कवचवाले. पाणी उबदार असेल तर आठ-पंधरा दिवसांत ठिपके दिसू लागतात. तेव्हा ज्यांची बोट रोज किंवा एखाद्या रात्रीनंतर घरी येते, त्यांनी हा रंग लावूच नये असं माझं मत आहे. गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, वर्षातून दोनदा मेण लावा. उघडा जेलकोट, म्हणजे फायबरग्लासचा वरचा चकचकीत थर, रंगवलेल्या तळापेक्षा गुळगुळीत असतो, बोट हलकी राहते. आणि एकदा हा रंग चढवला की तो उतरवणं म्हणजे पाठ धरून ठेवणारं काम. मी पाठीवर झोपून, खरवडणी डोक्यावर धरून ते केलेलं आहे. शत्रूवरही वेळ येऊ नये.

आमचं उत्तर मात्र ‘लावा’ असंच आलं, कारण ते चार आठवडे भाचा सोडत नाही. मग प्रश्न उरला कुठला लावायचा, आणि इथे ट्रेलरवाल्यांची खरी कोंडी होते. आपल्या लेखात तिचा उल्लेखही नाही.

या रंगांची ढोबळ दोन घराणी आहेत. एक कडक. वाळल्यावर टणक थर होतो, त्यातून तांबं पाझरून जातं आणि थर जागच्या जागी राहतो. दुसरं झिजणारं. साबणाच्या वडीसारखं. पाण्याच्या घर्षणाने वरचा पापुद्रा जातो आणि खालचं ताजं तांबं उघडं पडतं. कडक रंग ट्रेलरवर चढणं-उतरणं बिनतक्रार सोसतो. त्याला कोरडं राहणं सोसत नाही. हवेत फार दिवस राहिला की वरच्या थरातलं तांबं गंजतं, रंग फिकट हिरवट दिसू लागतो, आणि पुन्हा पाण्यात गेल्यावर पाझर मंदावलेला असतो. रंग दिल्यापासून ठरावीक दिवसांच्या आत बोट पाण्यात गेलीच पाहिजे, अशी अटही काही डब्यांवर असते. झिजणाऱ्याचं उलट. त्यातल्या कोपॉलिमर जातीच्या रंगांना वाळणं चालतं. पाण्याबाहेर काढा, महिनाभर ठेवा, वरचा मेलेला पापुद्रा हलक्या हाताने घासून काढा आणि परत उतरवा. पण ट्रेलरच्या गालिचा ठोकलेल्या फळ्यांवरून चार वेळा सरकला, की निम्मा रंग गालिच्याला लागतो. आणि बोट जितकी जोरात पळवाल, तितका तो लवकर संपतो.

म्हणजे आपल्या बोटीला त्रास दोन, वाळण्याचा आणि घासण्याचा, आणि एकाला पुरून उरणारा रंग दुसऱ्यापुढे हात टेकतो. दुकानात सर्वांत महाग डबा मागितल्याने ही कोंडी सुटत नाही. डब्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद गिऱ्हाइकं आमच्या काउंटरवरच टाकून जायची, तेव्हा मला राग यायचा. रंगाच्या बाबतीत पहिल्या वर्षी मी तेच केलं. आता दोन ओळी आधी शोधते. रंग दिल्यावर किती दिवसांत पाण्यात गेलं पाहिजे, आणि पाण्याबाहेर किती दिवस चालेल. या दोन ओळी नसतील तर डबा परत. सध्या आम्ही कोपॉलिमरमधलाच, पण त्यातल्या त्यात टणक वाळणारा रंग वापरतो, आणि तळाला जिथे फळ्या टेकतात तिथे एक हात जास्त देतो.

फळ्यांच्या जागेची गोष्ट सांगितलीच पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही बोट ट्रेलरवर असतानाच रंगवली. जिथे रोलर पोचला तिथे रंग लागला. फळ्यांवर टेकलेला भाग अर्थातच कोरा राहिला. भाचा म्हणाला, “मावशी, दोन पट्टे तर आहेत, तेवढ्याने काय होतंय?” चार आठवड्यांनी बोट ट्रेलरवर ओढली तर ती गाळातून ओढल्यासारखी जड. तळाखाली वाकून पाहिलं. सगळा तळ बऱ्यापैकी स्वच्छ, आणि मधोमध दोन समांतर पट्टे, हाताचा पंजा मावेल एवढे रुंद, पांढऱ्या टोकदार कवचांनी ठासून भरलेले. ट्रेलरचा आराखडाच कोणी तळावर काढून ठेवला होता म्हणा ना.

बार्नेकल दिसायला शिंपल्यासारखं असलं तरी ते खेकड्या-कोळंबीच्या भाऊबंदांतलं आहे. त्याचं पिल्लू शेवटच्या अवस्थेत काही खात नाही. त्याला एकच काम असतं, जागा शोधायचं. मिशांवर चालत ते पृष्ठभाग चाचपतं, पसंत पडला की डोकं खाली करून स्वतःला कायमचं चिकटवून घेतं आणि भोवती चुनखडीचं घर बांधतं. जागा पसंत पडण्यातली मोठी गोष्ट म्हणजे तिथे आपल्या जातीचं आधीच कोणी राहतंय का. एक बसलं की दुसरं येतं. त्यामुळे सुटलेली जागा लहान म्हणून सोडून चालत नाही. ती सगळ्यांना पत्ता देते.

पट्टे रंगवायचे तर बोट फळ्यांवरून उचलावी लागते. आम्ही करतो ते असं. चाकांना आधी पुढून-मागून ठोकळे. ट्रेलरचं पुढचं टोक खाली उतरवलं की बोटीची मागची बाजू वर येते. तेव्हा मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली जाड लाकडी ठोकळ्यांची चवड रचायची. मग पुढचं टोक हळूहळू वर घ्यायचं. मागची बाजू चवडींवर टेकून राहते आणि फळ्या तळापासून सुटतात. जी फट मिळते ती रोलर जाण्यापुरतीच असते, माणूस जाण्यापुरती नव्हे. भाच्याने पहिल्यांदा गाडीचा जॅक आणून मधोमध लावला होता. तो मी लाथेने पाडला, आणि आमच्यात त्या दिवशी जेवढं बोलणं व्हायचं तेवढं झालं. आणखी एक: रंग पुरता वाळल्याशिवाय बोट खाली टेकवू नका. गालिचा चिकटतो आणि उचलताना रंगासकट निघतो.

तळ तयार करण्याबद्दल थोडक्यात. कोऱ्या फायबरग्लासवर साच्यातून आलेलं मेण असतं. पाणी शिंपडून पाहा. थेंबांचे मोती झाले तर मेण आहे, पाणी सपाट पसरलं तर गेलं. मेण आधी द्रावकाने पुसायचं, एका फडक्याने विरघळवायचं आणि वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. त्यानंतरच ८० नंबरचा पॉलिश पेपर. उलट केलंत तर घासताना मेण ओरखड्यांत भरतं आणि रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. कोऱ्या तळाला इपॉक्सीचा अस्तर-थर देणार असाल तर अँटिफाउलिंगचा पहिला हात त्यावर वेळ साधून द्यावा लागतो. अंगठा दाबला तर ठसा उमटावा पण बोटाला काही लागू नये, ती वेळ. बोट जुनी असेल आणि आधीच्या मालकाने काय फासलंय ते कळत नसेल, तर ओल्या फडक्याने जोरात घासून बघा. फडकं रंगलं तर जुना रंग झिजणाऱ्या जातीचा आहे. त्याच्यावर कडक रंग देऊ नका, पाया भुसभुशीत असला की वरचं टिकत नाही. कडकावर झिजणारा मात्र चालतो.

किती रंग लागेल याचा हिशेब छोट्या मोटरबोटीसाठी सोपा आहे. रुंदी आणि पाण्यातली खोली यांची बेरीज करायची आणि तिला पाणरेषेवरच्या लांबीने गुणायचं. आमच्या बोटीची पाणरेषा ५ मीटर, रुंदी २.१, खोली ०.३, म्हणजे १२ चौरस मीटर. आमच्या डब्यावर लिटरला साधारण १० चौरस मीटर लिहिलं होतं. दोन हातांना अडीच लिटर, आणि पाणरेषेची कड, पुढची धार, तळाचे कोपरे या जागी तिसरा हात द्यायचा म्हणून तीन. पहिला हात वेगळ्या रंगाचा द्यावा. पुढे कधी तळावर खालचा रंग डोकावू लागला की वरचा संपला हे लगेच समजतं. पाणरेषा आखताना बोटीत माणसं, सामान, इंधन सगळं धरून आखा. आम्ही रिकाम्या बोटीची आखली आणि मागच्या बाजूला, दोघं बसल्यावर जो भाग बुडतो तिथे, हिरवी दाढी उगवली.

आता ढवळण्याचं. पट्ट्यांचा धडा घेऊन दुसऱ्या वर्षी आम्ही नवा डबा आणला. मी सकाळी झाकण उघडलं, लाकडी पट्टीने दहा-पंधरा फेरे दिले, वर छान एकसारखा निळा रंग दिसला, ट्रेमध्ये ओतला. डावी बाजू मी रंगवली. दुपारी उजवी बाजू भाच्याने. तो म्हणाला, मावशी, हा तर लापशीसारखा घट्ट झालाय, द्रावक घालू का? मला वाटलं उन्हामुळे असेल. घाल म्हटलं.

हंगामाच्या शेवटी उजवी बाजू चकचकीत आणि डाव्या बाजूला शेवाळाची मखमल, मधेमधे बार्नेकल. एकच बोट, एकच पाणी, एकच डबा.

क्युप्रस ऑक्साइड पाण्याच्या सहापट जड आहे. डबा दुकानातल्या फळीवर महिनोन्महिने उभा असतो आणि सगळं तांबं तळाशी बसून त्याची वडी होते. वर जे निळं पाणचट राहिलं होतं तेच मी डाव्या बाजूला लावलं. औषध सगळं भाच्याच्या वाट्याला गेलं. ‘वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा’ हे वाक्य मी आयुष्यात किती हजार वेळा बोलले असेन त्याची गणती नाही. तापाच्या औषधाची बाटली न हलवता वरचा चमचा पाजणाऱ्या आयांना मी रागावले आहे. आणि स्वतः हे केलं. भाच्याने अजूनपर्यंत ते कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे मीच सांगते.

तेव्हा दुकानातच डबा यंत्रावर हलवून घ्या. घरी आणल्यावर पट्टी तळाला टेकवून, तळ खरवडत ढवळा, पट्टीला गाठ लागायची थांबेपर्यंत. सोपा उपाय म्हणजे वरचा पातळ भाग दुसऱ्या भांड्यात काढून ठेवायचा, तळाची वडी फोडून मऊ करायची आणि पातळ भाग थोडा थोडा परत मिसळत जायचं. रंगवतानाही दर दहा मिनिटांनी ट्रेमधला रंग ढवळायचा. द्रावक घालायचा मोह आवरा.

त्याच वर्षीचा दुसरा पराक्रम भाच्याचा. डब्यात उरलेला रंग त्याने इंजिनाच्या पायाला फासला. आउटबोर्डचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना भेटले की त्यांची बॅटरी होते आणि मार खातं अ‍ॅल्युमिनियम. मूळ रंगावर जिथे जिथे ओरखडा होता तिथे पांढरी भुकटी आली आणि खाली खड्डे. ही चूक फार जुनी आहे. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या जहाजाला पहिल्यांदा तांब्याचे पत्रे मारून पाहिले. पुढे तपासणीत दिसलं, की तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कुजून गेले होते. पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी मधे राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते. कागदाने जे केलं ते आम्हाला अडीचशे वर्षांनी सुचलं नाही. अ‍ॅल्युमिनियमला क्युप्रस ऑक्साइडचा रंग कधीही नको. संपूर्ण बोटच अ‍ॅल्युमिनियमची असेल तर इपॉक्सीचं जाड अस्तर आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमसाठी म्हणून लिहिलेला, तांबं नसलेला किंवा कॉपर थायोसायनेट या तांब्याच्या दुसऱ्या संयुगाचा रंग. आउटबोर्डला तर काहीच लावायची गरज नसते, बांधून ठेवताना तो वर उचलून घ्यायचा. जस्ताचे जे बळीचे तुकडे बसवलेले असतात त्यांनाही रंग लावू नका. झिजणं हेच त्यांचं काम.

आणि धूळ. पहिल्या वर्षी हंगाम संपल्यावर जुना रंग आम्ही कोरडा घासला, तोंडाला साधा रुमाल बांधून. संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमाल निळा. जिभेवर दोन दिवस नाणं चोखल्यासारखी चव. ज्या पदार्थाची रचनाच सजीवांना मारण्यासाठी झालेली आहे, तो आपण हवेत उडवून श्वासात घेत होतो, आणि शेजारच्यांचं मूल सायकल फिरवत होतं. आता घासायचं ते ओलं करूनच. खाली ताडपत्री. तोंडाला धुळीचा फिल्टर आणि द्रावकाच्या वाफेचं काडतूस असलेला मास्क, डोळ्यांना चश्मा, हातात हातमोजे. ताडपत्रीवरचा चिखल गोळा करून डब्यात भरायचा आणि घातक कचरा म्हणून द्यायचा. पाइप लावून गटारात सोडायचा नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा बोटीचा एवढासा रंग. ट्रायब्युटिल टिन या कथिलाच्या संयुगाचा इतिहास त्यांनी वाचावा. साठच्या दशकापासून बोटींच्या तळाला हे द्रव्य वापरलं जाऊ लागलं. तांब्याहून कितीतरी प्रभावी. सगळे खूश. मग फ्रान्समध्ये आर्काशाँच्या खाडीत कालवांची पिल्लं धरेनाशी झाली, मोठ्या कालवांची कवचं जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली. खाडीत मोठी जहाजं नव्हती, होत्या त्या आपल्यासारख्यांच्या हौसेच्या बोटी. १९८२ साली फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर त्याला बंदी घातली. समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटल्याचं आढळलं, तेही लिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या (मिलिग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या) आसपास प्रमाण असताना. आयुष्यभर मी मिलिग्रॅम मोजले, मला तो आकडा वाचून धाप लागली. २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, २००८ मध्ये तो अमलात आला आणि टिन हद्दपार झालं. त्याच करारात पुढे सायब्युट्रिन या आणखी एका द्रव्याची भर पडली, २०२३ पासून तेही बंद. तांबं अजून चालतं, पण तेही काही पंचामृत नाही. गरज नसताना ते पाण्यात सोडू नये, हे माझ्या दिवस मोजण्याच्या हट्टामागचं दुसरं कारण.

हंगामातली निगा फार नाही, पण वेळेवर हवी. बोट बाहेर काढली की साय ओली असतानाच धुवायची. मऊ स्पंज आणि गोडं पाणी पुरतं. दुसऱ्या दिवसावर टाकलं की तीच साय वाळून पापडासारखी होते आणि ती काढताना रंगही खरवडला जातो. झिजणाऱ्या रंगाला पाण्यात असताना ब्रश मारू नका, रंगाचा ढग उठतो, म्हणजे तुमचं औषध वाया आणि दुसऱ्याच्या पोटात विष. बार्नेकल बसलंच तर प्लास्टिकच्या पट्टीने, लहान असतानाच. बरेच दिवस ट्रेलरवर राहिलेली बोट उतरवण्याआधी तळावर हलकं ओलं घासून हिरवट थर काढायचा, खालचा खरा रंग दिसेपर्यंत, त्याहून जास्त नाही. आणि एका तलावातून दुसऱ्यात बोट नेताना ट्रेलरसकट सगळं धुवा, आतलं पाणी काढा, पूर्ण वाळू द्या. उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत १९८८ साली झेब्रा शिंपले सापडले. ते जहाजांतून आले, पण आसपासच्या छोट्या तलावांत पोचवायला ट्रेलरवरच्या बोटींनी हातभार लावला. तळाचा रंग ट्रेलरच्या फळीत अडकलेल्या वेलीला थांबवत नाही.

पुरवणीच्या संपादकांना विनंती, की पुढच्या वेळी या विषयाला चार ओळींऐवजी अर्धं पान द्यावं आणि त्यात पहिला प्रश्न दिवसांचा विचारावा. लेखकाने फळ्यांखालच्या जागेचं काय करायचं हेही सांगावं, कारण त्यांच्या लेखासोबतच्या छायाचित्रातली बोट ट्रेलरवर बसलेलीच रंगवली आहे, आणि फळ्यांलगतची कोरी कड मला भिंग न लावता दिसली.

आमचं यंदाचं काम उद्यापासून सुरू होतंय. नवा डबा परवा आणला. तांबं झाकणाच्या बाजूला यावं म्हणून तो कालपासून उलटा ठेवला आहे, वर चिठ्ठी चिकटवून: सरळ करू नये, मावशी. भाच्याने खाली लिहिलंय: हलवून घ्यावे.

आपली,
एक निवृत्त औषधविक्रेती आणि जुनी वाचक